केस फीडर घरी बनवला, मग वाचलेला हात कुठे गेला?



या आठवड्याच्या व्हिडिओत जी निळी बादली, खाचा पाडलेली प्लायवूडची चकती आणि पारदर्शक नळी दिसते, ती माझी नाही. ती टेक्सासमधल्या माझ्या मामेभावाच्या गॅरेजमधली आहे. गेल्या वर्षी तीन आठवडे तिकडे होतो. गाडी बाहेर उन्हात उभी आणि गॅरेजमध्ये याचं वर्कशॉप, हे बघून आधी हसलो. मग दोन संध्याकाळी त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि उठताना वहीची सहा पानं भरलेली होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे कुणी भलतं काही करायला जाणार नाही. तो करतो ते रिलोडिंग. म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, पुन्हा मापात आणायची, नवीन प्रायमर, नवीन पावडर, नवीन गोळी, की काडतूस परत तयार. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं सरळ गुन्हा आहे. तेव्हा मी काडतूस बनवायला शिकवत नाहीये. मला बोलायचंय ते त्या बादलीबद्दल.

रिलोडिंग हा तिकडे मोठा धंदाही आहे आणि तो उभा राहिला तो गरजेतून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकाऱ्यांना चांगल्या गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंगटन नावाच्या माणसाने गोळी घडवण्याच्या डाय बनवल्या. साल १९४३. त्याची गिऱ्हाइकं मारायची ती रॉक चक, म्हणजे खडकात राहणारा खारीच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी. डायचं नाव पडलं रॉक चक बुलेट स्वेज, आणि त्या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचं नाव झालं आरसीबीएस. ब्रँडिंगवर लाखाची फी घेणाऱ्यांना हे सांगून बघा एकदा!

असो. मुद्द्यावर येतो.

भावाकडे आहे प्रोग्रेसिव्ह प्रेस. एक गोल प्लेट, तिच्यावर चार-पाच स्टेशनं. दांडा एकदा खाली ओढला की प्रत्येक स्टेशनवर एकेक काम होतं: इथे जुना प्रायमर निघतो, तिथे पावडर पडते, पुढे गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. प्लेट एक घर पुढे सरकते आणि दर ओढीला एक तयार काडतूस टोपलीत पडतं. उजवा हात दांड्यावर. डावा हात मात्र दर ओढीला दोन कामं करतो: रिकामी पुंगळी उचलून पहिल्या स्टेशनवर ठेवायची, आणि गोळी उचलून पुढच्या स्टेशनवर ठेवायची. केस फीडर यातलं पहिलं काम काढून घेतो. बस्स, एवढंच. वरच्या बादलीत पुंगळ्या ओता, त्या सुलट होऊन नळीतून एकामागे एक खाली येतात.

आता गंमत बघा. ढिगात पडलेली पुंगळी उलटी आहे की सुलटी, हे त्या प्लायवूडला कसं कळतं? सेन्सर नाही, कॅमेरा नाही. चकती तिरकी बसवलेली आहे, तिच्या काठाला पुंगळीच्या लांबीच्या खाचा आहेत. चकती सावकाश फिरते, ढिगातून जाताना एकेका खाचेत एकेक पुंगळी आडवी बसते आणि वर चढते. जी नीट बसली नाही ती घरंगळून परत ढिगात. वरच्या टोकाला चकतीखाली एक भोक आहे आणि भोकाच्या मधोमध एक अरुंद पट्टी, पुलासारखी. पुंगळी त्या पुलावर पोटावर टेकते. पुंगळीचं बूड भरीव, तोंडाकडची बाजू पोकळ आणि पातळ. मग काय, जड बूड आधी झुकतं आणि पुंगळी बूड खाली, तोंड वर अशीच नळीत उतरते. डावीकडून आली काय, उजवीकडून आली काय, फरक पडत नाही.

विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डच्या ली प्रिसिजन या कंपनीने तर हे मोटरशिवाय विकून दाखवलंय. भोकं असलेली एक प्लास्टिकची थाळी, खाली नळ्या. वरून मूठभर पुंगळ्या टाका, हाताने हलवा. बूड जड म्हणून त्या बुडाच्याच बाजूने भोकात शिरतात. चाळणीने गहू चाळण्याइतकं सोपं.

मला इथे थांबून एक सांगायचंय, कारण इथेच आपल्या लोकांचे पैसे जातात. ही बादली चुकलेली पुंगळी दुरुस्त करायला जात नाही. तिला पकडून, वळवून, सरळ करत बसत नाही. चुकली? जा परत ढिगात, पुढच्या फेरीत ये. आपण ऑटोमेशन म्हटलं की पहिल्या दिवसापासून प्रत्येक चुकीसाठी एक सिलिंडर आणि एक सेन्सर लावायला निघतो. २०११ साली मी स्वतः एक व्हायब्रेटरी बाऊल फीडर घेतला होता, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या पार्टला जड बाजू होती, आकारात फरक होता, हे मी त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पार्ट न बघता कॅटलॉग बघून केलेली खरेदी. तो बाऊल चार वर्षं चादरीखाली होता, शेवटी भंगारात गेला. ते दुःख आहेच, पण त्याहून जास्त लाज याची वाटते की मी तेव्हा पार्ट हातात घेऊन, बोटावर तोलून कधी बघितलाच नव्हता.

भावाची पहिली चकतीही फसली होती, ते त्याच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे. तो ९ मिमीची काडतुसं भरतो. त्या पुंगळीची लांबी साधारण १९ मिमी आणि बुडाची कड १० मिमीला जराशी कमी. त्याने घरात पडलेलं १२ मिमीचं प्लाय कापलं. खाच पुंगळीपेक्षा दोन मिमी खोल झाली आणि त्या दोन मिमीत वरची दुसरी पुंगळी अडकून बसायला लागली. ती परत घरंगळेना आणि वर गेली की भोकाशी दोघी एकमेकींना धरून बसायच्या. पातळ प्लाय आणलं, निम्मा त्रास संपला. व्हर्नियर घरात होता, वापरला नव्हता! हसू नका, तुमच्याही ड्रॉवरमध्ये आहे.

मग मोटर. त्याने गाडीच्या वायपरची मोटर लावली, फुकट मिळाली म्हणून. वायपर मोटर म्हणजे ताकद भरपूर आणि वेग मिनिटाला चाळीसच्या पुढे फेरे. पुंगळी अडकली की मोटर थांबायची नाही, पितळेचं तोंड चेपायची. आणि वेग एवढा की पुंगळीला खाचेत बसायला उसंतच नाही. मी त्याला म्हटलं, कागद घे. चकतीला खाचा किती? २०. निम्म्या रिकाम्या गेल्या तरी एका फेऱ्यात १० पुंगळ्या. तुझी प्रेस मिनिटाला किती खाते? आठ-नऊ. म्हणजे मिनिटाला एक फेरा पुरे! तो आधीच या हिशोबापर्यंत आला होता, फक्त दोन शनिवार घालवून. आता तिथे मिनिटाला तीन फेऱ्यांची छोटी गिअर मोटर आहे. चकती आणि शाफ्टच्या मध्ये फेल्टचा वॉशर आणि स्प्रिंग, म्हणजे काही अडकलं की शाफ्ट फिरत राहतो आणि चकती जागेवर घसरते. नळीच्या वरच्या टोकाला एक मायक्रोस्विच. नळी भरली की पुंगळी त्याची पट्टी दाबते आणि मोटर बंद. प्रेसने चार-पाच खाल्ल्या की परत चालू. नळी पारदर्शक, कुठे काय अडकलंय ते लांबून दिसतं. आतला व्यास पुंगळीपेक्षा जेमतेम मोठा. जास्त मोठा घेतला तर पुंगळी नळीत कोलांटी मारते आणि एवढं सुलट केलेलं सगळं पाण्यात.

एवढं करूनही अडकायचं, आणि कारण बादलीत नव्हतंच. रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्यांत भेसळ असते. .३८० ची पुंगळी ९ मिमीच्या पुंगळीसारखीच दिसते, फक्त दोनेक मिमी आखूड. आणि खरी डोकेदुखी म्हणजे एकात एक शिरलेल्या पुंगळ्या. ९ मिमीची पुंगळी .४० च्या पोटात बसते, .४० ची .४५ च्या पोटात. आपल्याकडचे स्टीलचे डबे एकात एक बसतात ना, अगदी तशा. धुण्याच्या मशीनमध्ये फिरताना घट्ट बसतात आणि मग सगळा तोल बिघडतो. जड बाजू कुठली हेच ठरत नाही. याला बादलीत उपाय नाही. बादलीच्या आधी चाळण लागते. फीडर बनवणाऱ्याचा अर्धा वेळ फीडरच्या आधीच्या टेबलावर जातो, हे कुणी तुम्हाला कोटेशनमध्ये लिहून देत नाही.

आता पैशाचा हिशोब, कारण शेवटी आपण धंदेवाली माणसं. सामान त्याला साधारण ९० डॉलरला पडलं. तयार फीडर काहीशे डॉलरला मिळतो. घरी केलं, पैसे वाचले, वा! थांबा. त्याचे तास गेले ४०, त्याने वहीत लिहिलेत. फीडरच्या आधी तो तासाला ३५० काडतुसं भरायचा, नंतर ५००. म्हणजे दर हजारामागे सुमारे ५१ मिनिटं वाचली. वर्षाला तो दहा हजार भरतो, म्हणजे वर्षाला साडेआठ तास. ४० तास वसूल व्हायला साडेचार वर्षांहून जास्त! स्वतःचे तास फुकट धरले की कुठलाही जुगाड स्वस्त दिसतो. आपल्या शॉपमध्ये मालक रविवारी येऊन जे काही बनवतो, त्यातलं निम्मं या हिशोबात बसत नाही.

मग मी फीडर बनवण्याच्या विरोधात आहे का? नाही. पण वेळ वाचतो हे कारण मला पटत नाही. माझं कारण वेगळं आहे, आणि ते मला त्याच्याकडे झालेल्या एका प्रसंगाने पटलं.

फीडर लावून दुसरा आठवडा होता. नवीन वेगाची झिंग होतीच. एक चेपलेली पुंगळी नळीच्या तोंडाशी अडकली. याने हात थांबवला, प्लेटवरच्या दोन-तीन पुंगळ्या काढून बाजूला ठेवल्या, अडकलेली ओढून काढली, बाकीच्या परत जागेवर ठेवल्या आणि दांडा ओढायला सुरुवात केली. परत ठेवताना एक पुंगळी एक घर पुढे बसली. म्हणजे पावडरच्या स्टेशनला ती गेलीच नाही. वरून गोळी बसली, तोंड आवळलं, टोपलीत पडली. बाहेरून बाकीच्यांसारखीच.

हे काडतूस निघालं मॅचमध्ये. तिकडे यूएसपीएसए नावाची संघटना आहे, तिच्या नियमांनी या स्पर्धा होतात, धावत धावत नेम धरायचा असतो. पावडर नसली तरी प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते, पण बाहेर पडत नाही, मध्येच अडकते. आवाज 'धाड' ऐवजी 'टप्प' येतो. इंग्रजीत याला स्क्विब म्हणतात. पुढची गोळी झाडली तर ती या अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते आणि नळी फुगते, फुटते, हाताचं काय होईल सांगता येत नाही. भावाचं बोट चापावर होतं, डोकं पुढच्या टार्गेटवर. त्याला आवाजातला फरक कळलाच नाही. मागे उभ्या असलेल्या रेंज ऑफिसरला कळला आणि तो ओरडला, स्टॉप! नंतर दांडी घालून बघितलं तर गोळी नळीच्या मध्यावर.

वहिनीला त्याने हे मी असताना पहिल्यांदा सांगितलं. ती काहीच बोलली नाही, उठून आत गेली.

म्हणजे बघा. फीडरने पावडरला हात लावलेला नाही. फीडरचं काम फक्त पुंगळी ठेवणं. पण फीडर अडकला, माणसाची लय तुटली, आणि चूक पडली ती तिसऱ्याच स्टेशनवर. हाताने पुंगळी ठेवत होता तेव्हा असा अडथळा येतच नव्हता. म्हणून मी म्हणतो, पन्नास पुंगळ्यांमागे एकदा अडकणारा फीडर हा फीडर नसण्यापेक्षा वाईट. नुसता कमी उपयोगाचा नाही, वाईट.

दुसरी गोष्ट वाचलेल्या हाताची. डावा हात मोकळा झाला तेव्हा त्याने तो मोकळेपणा कुठे खर्च केला? वेगावर. ३५० चे ५००. जो क्षण पुंगळी ठेवण्यात जायचा तो क्षण आता डोळ्याला मिळायला हवा होता: गोळी ठेवण्याआधी पुंगळीत डोकावून पावडर आहे का, दुप्पट तर पडली नाही ना, हे बघायला. तो क्षण त्याने दांड्याला दिला. आणि आपणही नेमकं हेच करतो. मशीनला फीडर लावला की मालकाचा पहिला प्रश्न, आता एक माणूस कमी करू की शिफ्टचं टार्गेट वाढवू? तिसरा पर्याय कुणी विचारत नाही की त्याच माणसाला, त्याच पगारात, आता पार्ट बघायला बसवू.

भावाने पुढे काय केलं ते सांगतो. पहिलं म्हणजे फीडर प्रेसपासून सोडवला आणि नुसता चालवला, खाली डबा ठेवून. सलग ५०० पुंगळ्या न अडकता येईपर्यंत परत जोडायचा नाही. याला तीन रविवार लागले, चाळण सुधारावी लागली. दुसरं, नियम: काहीही अडकलं तर प्लेटवरचं सगळं उचलून लाल वाडग्यात. परत ठेवायचं नाही, मोजत बसायचं नाही, आठवायचा प्रयत्न करायचा नाही. वाडगं दिवसाच्या शेवटी वेगळं सोडवायचं. तिसरं, पावडरच्या पुढच्या स्टेशनवर एक छोटा एलईडी दिवा आणि आरसा, म्हणजे बसल्या जागेवरून पुंगळीच्या तळाशी दिसतं. दर ओढीला बघायचं, मग गोळी.

आता तो तासाला ४२० भरतो. ५०० वरून खाली आला. माझ्यातल्या हिशोबनिसाने लगेच आकडेमोड केली: हजारामागे वाचलेली मिनिटं ५१ ची २८-२९ झाली, वर्षाला पाच तासांपेक्षाही कमी, म्हणजे ते ४० तास वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त. हा आकडा मी त्याला दाखवला. तो म्हणाला, दादा, माझे हात दहा आहेत ना, म्हणजे बोटं, ती मोज.

मला त्याचं पटलं. आणि एवढं होऊनही घरी बनवण्याच्या बाजूने मी आहे तो या कारणासाठी: चकती स्वतः कापल्यामुळे त्याला आपली पुंगळी कळली. किती लांब, कुठे जड, कशाने अडकते, कशात शिरते. उद्या तो तयार फीडर घेईल तेव्हा विकणाऱ्याला चार नेमके प्रश्न विचारेल. तेवढ्यासाठी ४० तास महाग नाहीत. माझ्या त्या बाऊलपेक्षा तरी नक्कीच स्वस्त.

हे मी परत आल्यावर साताऱ्याच्या आपल्या बॅचमधल्या एका मुलाला दाखवलं. तो पितळी बुश बनवतो, ड्रिलिंगला पार्ट हाताने लावतो. त्याचा बुश दोन्ही बाजूंनी सारखाच जड, त्यामुळे पुलाची युक्ती चालेना. पण एका बाजूला कॉलर आहे, म्हणून त्याने दोन पट्ट्यांच्या फटीतून बुश लटकत येतील अशी घसरगुंडी केली, पीव्हीसी आणि दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोटर नाही. अजून अडकते. कालच फोन होता, १८० पर्यंत न अडकता गेली म्हणाला. मी म्हटलं ५०० होऊ दे, मग मशीनला जोड.

पुढच्या व्हिडिओत तुमचे पार्ट घेणार आहे. वजनाचा आकडा नकोय. पार्ट बोटावर आडवा तोला, कुठल्या बाजूला झुकतो त्याचा फोटो काढा आणि पाठवा. आणि खाली एक ओळ लिहा: सध्या तो पार्ट कोण ठेवतं, आणि ठेवायचं काम सुटलं तर ते माणूस काय बघेल?